केवड्याचा पट्टा

शिरसवण्याच्या लोकांनी त्याला गांडूळ म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेनं. सरकारी कागदांत त्या यंत्राचं नाव हातभर लांब होतं आणि ते उच्चारताना नगराध्यक्षांचीही जीभ अडखळायची. पण किनाऱ्याच्या पोटात शिरून एका तोंडानं वाळू गिळणारं आणि दीड किलोमीटर दूर दुसऱ्या तोंडानं ओकणारं ते धूड बघितल्यावर दुसरं नाव सुचणार तरी कुठलं? सहा वर्षांत चेष्टा विरली आणि नाव तेवढं राहिलं. आता लोक मृगाच्या आधी गांडुळाला नारळ वाढवायचे.

नारळ गांडुळाला मिळायचा, पण त्याची दोरी शलाका तांडेलच्या हातात होती. धक्क्याच्या मुळाशी जुन्या कस्टमच्या गोदामात तिचं नियंत्रण केंद्र होतं. २०४३ च्या मे महिन्यातल्या एका सकाळी पडद्यावर पावसाळ्यापूर्वीची शिफारस आली. शलाका ती न वाचताही सांगू शकली असती. केवड्याच्या पट्ट्यातून एक लाख ऐंशी हजार घनमीटर वाळू उचला. दांड्याच्या टोकावर टाका. तसं न केल्यास यंदाच्या पावसाळ्यात दांडा तुटण्याची शक्यता शंभरात त्र्याऐंशी.

मागच्या वर्षी हा आकडा एकसष्ट होता. शलाकानं खुर्चीत जरा सावरून बसून 'अमान्य' वर बोट ठेवलं. कारण विचारणारी चौकट उघडली, तिच्यात तिनं सहाव्यांदा तेच लिहिलं: कासवांच्या विणीची जागा.

त्या पट्ट्यात दहा वर्षांत एकही कासव आलेलं नव्हतं. केवड्याच्या मुळ्यांच्या गुंत्यात अंडी घालायला कासव काही वेडं नाही. एकदा जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले होते, पण बाहेरचं ऊन बघून ते गाडीतूनच उतरले नाहीत. तेव्हापासून कासवं कागदावर सुखात होती.

पट्ट्यात होती ती शलाकाची मुलगी. सात वर्षांपूर्वी श्रावणात जन्मली आणि नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नावही नव्हतं. घरात सगळे तिला नुसतं 'बाय' म्हणायचे. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, वाळूत ठेवतात. शलाका तेव्हा कुडाळच्या इस्पितळात तापात होती आणि नवरा सिद्धेश जहाजावर, कुठल्यातरी महासागराच्या मध्यावर. सासरे दामोदर तांडेल बायला दोन्ही हातांवर घेऊन गावी आले आणि दोघा भावकीतल्यांना बरोबर घेऊन किनाऱ्यावर गेले. पुढं महिन्याभरानं शलाकानं विचारलं तेव्हा त्यांनी जागा सांगितली होती. देवळाच्या कळसाच्या रांगेत, मोठ्या केवड्यापासून समुद्राकडं बारा पावलं.

गांडूळ तिथं शिरलं असतं तर एका दुपारीत ती जागा त्यानं गिळली असती, पाइपातून दळत नेली असती आणि दांड्यावर ओकली असती. हे शलाका कुणाशी बोलली नव्हती. सिद्धेशशीही नाही. बाय गेल्यावर त्यानं बोटीवरच्या नोकऱ्या लांबवतच नेल्या होत्या.

आता यात विज्ञान आहे ते असं. वाळू एका जागी पडून असते हा आपला समज आहे. लाट किनाऱ्याला सरळ भिडत नाही, तिरपी येते. येताना कणाला तिरपा वर नेते आणि परतताना सरळ खाली आणते. म्हणजे दर लाटेला कण चार बोटं सरकला. एका पावसाळ्यात लाखो घनमीटर वाळू अशी चालत जाते. शिरसवण्याला ती उत्तरेकडून दक्षिणेला जायची आणि हजारो वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग किनाऱ्याच्या मधोमध मच्छीमार बंदराचा दगडी धक्का झाला, समुद्रात तीनशे मीटर घुसलेला. चालणाऱ्या वाळूला तो आडवा आला. धक्क्याच्या उत्तरेला, केवड्याच्या राईपुढं, वाळू साचत गेली आणि समुद्र नव्वद मीटर मागं हटला. दक्षिणेला उलट झालं. तिथं दांडा आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशी वाळूची निमुळती पट्टी. तिच्यावर किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांची अकरा घरं आणि घरांच्या पुढं नुसतं ओकंबोकं टोक. लाटा तिथली वाळू पूर्वीसारखीच नेत होत्या, भर घालणारी वाळू मात्र यायची थांबली.

साचलेली वाळू पंपानं धक्क्यापलीकडं टाकायची, हा उपाय जगात जुनाच. अडचण एवढीच होती की कुठून उचलावी आणि कुठं टाकावी ते कुणाला नेमकं कळत नसे. टाकलेली वाळू महिन्याभरात भलतीकडंच जाई. खूणकणांनी ते कोडं सोडवलं. हे वाळूच्याच आकाराचे, वजनाचे काचकण. प्रत्येकाच्या पोटात स्वतःची वेगळी चमक, ती गांडुळाचे आणि पाण्यातल्या तरंगत्या डब्यांचे डोळे ओळखतात. असे चाळीस कोटी कण शिरसवण्याच्या किनाऱ्यात मिसळले गेले. पहिल्याच वर्षी यंत्र किनाऱ्याची चाल शिकलं. कुठली मूठभर वाळू कुठल्या उधाणात कुठं जाईल ते यंत्र आता महिनाभर आधी सांगू लागलं. ते सांगायचं, उचला केवड्यातून आणि टाका दांड्याच्या टोकावर. तिथं टाकलेली वाळू लाटांना खाडीकडं वळवते आणि मागची घरं राखते.

म्हणजे किनारा कुठं राहील आणि कुठं जाईल, हे ठरवायचं काम पूर्वी समुद्राचं होतं, आता ते एका माणसाचं झालं. आणि माणूस म्हटला की त्याला कुणीतरी कुठंतरी पुरलेलं असतं.

शलाकानं जमेल ती तडजोड केली. उत्तरेला सहाशे मीटरवर गांडुळाला दुसरं तोंड उघडून दिलं. तिथून चौथाई वाळू मिळायची. एवढ्यानं टोक आणि घरं दोन्ही राखता येईना, म्हणून ती सगळी वाळू घरांपुढं टाकायची. जमिनीखालचं दाखवणारा रडार तिच्या गोदामात होता. केवड्याच्या पट्ट्यावर मात्र तिनं तो कधी फिरवला नाही. बघायचं काय होतं?

रविवारी ती डबा घेऊन दांड्यावर गेली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासरे, ज्यांना ती बाबाच म्हणायची, एकटेच राहत. कितीदा सांगितलं, माझ्या सरकारी क्वार्टरवर चला, पण ते ऐकत नसत.

"इलंस गो?" ओटीवर जाळं सांधत बसलेल्या बाबांनी मान वर न करता विचारलं. "डबो आणलंस? मगे माझ्या पेडव्यांच्या कालवणाचां काय करू? मांजराक घालू?"

"मांजराक माझो डबो घाला. पेडवे मी खातंय."

बाबा हसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हात अजून दोरासारखे. एके काळी त्यांच्या हाकेवर पन्नास माणसं किनाऱ्यावरून रापण ओढायची. आता रापणीचं ते लांबलचक जाळं दोन वर्षं माळ्यावर पडून होतं, कारण ओढायला किनाराच उरला नव्हता. ओटीवरून समुद्र हाकेच्या अंतरावर दिसत होता. शलाका लग्न होऊन आली तेव्हा त्याची नुसती गाज ऐकू यायची.

जेवणं झाल्यावर बाबांनी सुपारी कातरली आणि ती हातातच धरून बसले.

"शलाका, एक सांगू? त्या तुझ्या गांडुळाक म्हण, थोडी रेती टोकार टाक."

"टोकार? टोकार कोण रवता बाबा? आदी घरां नको राखूक?"

"रवाक कोण नाय थंय. तरीपण. घरांची थोडी कमी टाकलंस तरी चलात."

"असां कसां चलात? तुमचां घर पयल्या रांगेत आसा."

"रापणीक जागा होयी मा," बाबा म्हणाले. आवाज पडलेला होता.

रापण माळ्यावर, ओढणारे निम्मे मुंबईला आणि निम्मे देवाघरी. म्हातारपणी माणूस असाच मागं वळून बघतो, शलाकाच्या मनात आलं. तिनं समजुतीच्या सुरात सांगितलं की वाळू मोजकीच आहे, घरं आधी. बाबांनी मान हलवली आणि जाळं पुढ्यात ओढलं. त्यांना अजून काही बोलायचं असावं, हे तिला दिसलं. पण तिच्या मनात त्र्याऐंशीचा आकडा फिरत होता आणि तो त्यांच्यापासून लपवायचा होता. ती उठून भांडी घासायला गेली.

परतताना ती वाट वाकडी करून केवड्याकडं गेली. तिथं लीलाकाकी होतीच. ऐंशीची, कमरेत वाकलेली. तिचा बबन साडेतीन महिन्यांचा असताना गेला, त्याला आता पंचावन्न वर्षं झाली असतील. दर रविवारी ती करवंटीत घोटभर दूध आणून केवड्याच्या बुंध्याशी ठेवायची. गावातल्या आणखीही काही बायका यायच्या. एकमेकींना दिसल्या तर मासळीच्या भावाबद्दल बोलायच्या, दुसरं काही नाही. पुरुषांच्या नजरेला हे पडायचं, पण ते न बघितल्यासारखं करायचे.

शलाकानं बारा पावलं मोजली आणि उभी राहिली. पायाखालची वाळू गरम होती. माझ्याच्यानं नाही होणार, तिनं मनातल्या मनात सांगितलं. पुढच्या वर्षी बघू. यंदाचा पावसाळा काढू.

यंदाचा पावसाळा निघाला नाही.

आषाढी अमावास्येला भरती सकाळी साडेअकराची होती. वारा तीन दिवस नैर्ऋत्येचा होता आणि समुद्र किनाऱ्याकडं लोटल्यासारखा फुगला होता. नऊ वाजताच पडद्यावर दांडा लाल झाला. शलाकानं भोंगा वाजवला, ट्रॅक्टर पाठवले. साडेदहापर्यंत अकरा घरांतली माणसं, शेळ्या, गॅसच्या टाक्या, टीव्ही असं सगळं धक्क्यावर आलं. डोकी मोजली तर एक कमी. दामोदर तांडेल कुठंच नव्हते.

ते टोकाच्या दिशेला, शेवटच्या घराच्या पलीकडं उभे होते. गुडघाभर पाण्यात, डोक्यावर इरलं नाही, काही नाही. शलाका धावत, धडपडत तिथं पोचली.

"बाबा! चला! घर सोडा आता!"

"घराचां काय गो, घर परत बांधूक येता." बाबा तिच्याकडं बघतच नव्हते. "तां बघ. टोक गेलां."

शलाकानं बघितलं. सकाळपर्यंत जिथं वाळूचा उंचवटा होता तिथं आता तांबूस पाणी उलट्यासुलट्या लाटा मारत होतं. समुद्र आणि खाडी एक झाली होती.

"जावंदे. थंय कोण नव्हतां. तुमी चला!"

"होती," बाबा म्हणाले. "थंय आपली बाय होती."

वाऱ्यात आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं समजायची सोय नव्हती. त्यांनी ते दोनदा सांगितलं.

"बाय केवड्यात आसा," शलाका म्हणाली. "तुमीच सांगल्यात माका. कळसाच्या रांगेत. बारा पावलां."

"केवड्यात कोण नाय, शलाका. कधीच कोण नव्हतां. आवशीक खरी जागा सांगूची नसता. पयल्यापासून तसांच आसा. आवस रोज जाता, रोज रडता, मगे पोराक फुडे जावक गावणा नाय. म्हणान सगळ्यांका केवडो सांगतत. पोरां सगळी टोकार. माझो धाकटो भावस थंय, लीलाचो बबन थंय." त्यांच्या तोंडावरून पाणी निथळत होतं, पावसाचं की कसलं ते कळत नव्हतं. "दरवर्सा टोक थोडां थोडां जाय होतां. मी बघी होतंय."

"मे म्हयन्यात तरी सांगूचां होतां! टोकार रेती टाक म्हणालात तेवां तरी!"

"काय सांगू? माका वाटलां, मशीन जां सांगता तां तू करतंस. तुमच्या शास्त्राफुडे माझां काय चलतलां?"

शलाकाचे पाय वाळूतून निसटत होते. तिनं सासऱ्यांचा दंड धरला, आधार द्यायला की घ्यायला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मशीन टोकारच टाकूक सांगी होतां बाबा. सहा वर्सां. केवड्यातली रेती काढ नि टोकार टाक. मीच नको म्हटलंय. केवड्यात बाय आसा म्हणान."

बाबांनी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि बोललेलं सगळं आत पोचलं तसे ते एकाएकी फार म्हातारे दिसू लागले. ट्रॅक्टरवाल्यांनी दोघांना ओढून बाहेर काढलं. बारा वाजायच्या आत पहिल्या रांगेतली चार घरं गेली. त्यात बाबांचंही होतं.

त्यानंतर बाबा क्वार्टरवर राहायला आले. सुनेनं सासऱ्याला आणि सासऱ्यानं सुनेला माफ केलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोघंही एका छपराखाली राहत आणि मीठ-चटणीपुरतं बोलत. बाबा जेवण अर्धं टाकून उठत. शलाकाला त्यांचा राग येई आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा येई. खोटं त्यांनी सांगितलं होतं, पण ते मायेपोटी. आणि तिनं जे केलं तेही मायेपोटीच. दोन माया समोरासमोर आल्या आणि मध्ये लेकरू वाहून गेलं. रात्रंदिवस तिला एवढंच दिसत होतं. सिद्धेशला तिनं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मी डिसेंबरात येतो.

सप्टेंबरात समुद्र निवळला. एका दुपारी केंद्रात कुणी नसताना शलाकानं यंत्राला विचारलं, टोकावरची वाळू कुठं गेली? यंत्राला काही लपवायची रीत नसते. टोकात मिसळलेल्या खूणकणांपैकी एकतीस हजार कण त्याला पुन्हा दिसले होते. त्यानं ते नकाशावर मांडले. खाडीच्या मुखाशी थोडे, बहुतेक चौदा वाव खोल पाण्यात, काही अकरा किलोमीटर दक्षिणेला परक्या गावाच्या किनाऱ्यावर. शलाका त्या ठिपक्यांकडं बघत बसली. कुठल्या ठिपक्याकडं बघून रडावं तेच तिला कळेना. मग ती त्या सगळ्यांकडं बघून रडली, तोंडात पदर कोंबून, वाकून, इतकी वर्षं आवरून धरलेलं सगळं.

ऑक्टोबरात शिफारस आली. दांड्याची सात घरं उरली होती. केवड्याच्या पट्ट्यातून दोन लाख घनमीटर उचलून तुटलेल्या जागी भर घातली तर ती राहतील; न घातली तर पुढच्या जूनमध्ये जातील. शलाकानं कासवांची चौकट पुसली आणि 'मान्य' केलं. गावात दवंडी गेली की सोमवारी सकाळी केवड्यापुढं गांडूळ लागणार, तिकडं कुणी फिरकू नये.

सोमवारी आठ वाजता ती हातातला नियंत्रक घेऊन केवड्यापाशी पोचली. गांडूळ वाळूत अर्धं रुतून तयार होतं. बायका आलेल्या होत्या, सात-आठजणी, लांबच राईच्या कडेला उभ्या. कुणी आडवं येत नव्हतं. मासळीच्या भावाबद्दलही कुणी बोलत नव्हतं. एकटी लीलाकाकी तेवढी काठी टेकत जवळ आली.

घरून निघताना शलाकानं ठरवलं होतं की आज सांगायचं. हा खोटेपणा इथंच थांबवायचा, एकदाच सगळ्यांदेखत. एका खोट्यानं काय केलं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"शलाका," लीलाकाकीनं विचारलं, "तां मशीन खोल जाता काय गो?"

शलाकानं तोंड उघडलं. तुझा बबन इथं नाही काकी, इथं कधीच नव्हता, तो आषाढात समुद्रात गेला आणि त्याला मी घालवलं. सगळं जिभेवर आलं होतं. लीलाकाकीचे डोळे मोतीबिंदूनं धुरकट झाले होते आणि ते उत्तराची वाट बघत होते.

"नाय काकी," ती म्हणाली. "वरची रेती तेवढी काढतलंय. खाली हात लावणा नाय."

"बबन रवतलो मा?"

"आसा थंयच रवतलो."

लीलाकाकीनं मान हलवली आणि शलाकाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो तिनं सोडला नाही. मागच्या बायका हळूहळू पुढं सरकल्या आणि दोघींच्या भोवती उभ्या राहिल्या. शलाकानं हात सोडवून घेतला नाही; गांडूळ सुरू करायला उजव्या हाताचं एक बोट पुरत होतं.